कणकेची मूठ

"काय हो, जंगल विकत घेतलंय की काय?" तिसरा कोयता वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"नाही, बहीण आहे माझी," खटपट्या म्हणाला.

यावरून हार्डवेअरवाल्याने काय समजायचं ते समजो. त्याने सुतळीची गाठ जरा घट्टच मारली आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

खटपट्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याचा उभा जन्म फिटर म्हणून गेला आणि तिथे कुणीतरी ते चिकटवलं. निरोप समारंभात साहेबांनी हार घालतानासुद्धा तेच नाव घेतलं. निवृत्तीनंतर माणूस आराम करेल, असं त्याच्या बायकोला वाटलं होतं. त्याने काय केलं, तर तिचं जुनं शिलाई मशीन माळ्यावर टाकलं, त्याचं टेबल गॅलरीत ओढलं, त्याला लोखंड पकडायचा व्हाइस ठोकला, शेजारी ग्राइंडर बसवला आणि खाली पाण्याची बादली ठेवली. वर दोरीवर घरचे कपडे वाळत.

"तुमच्या बनियनमधूनसुद्धा लोखंडाचा भुसा निघतो," बायको म्हणायची. "साबणाऐवजी चुंबक आणा आता."

पण या वेळी कोयत्यांबद्दल ती एका शब्दाने बोलत नव्हती. ते कुणासाठी चाललं आहे, हे तिला माहीत होतं.

ताईची शहाळ्यांची गाडी मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर होती. कित्येक वर्षं होती. पेशंटचे नातेवाईक यायचे, ताई त्यांच्या तोंडाकडे बघून शहाळं निवडायची आणि तीन-चार घावांत टोपण उडवायची. आईवडील गेले तेव्हा खटपट्या अर्ध्या चड्डीत होता. त्याला ताईने याच गाडीवर वाढवलं. संध्याकाळी न खपलेलं शहाळं फोडून ती मलई काढायची आणि सगळी त्याच्यापुढे ठेवायची. "मला नाही आवडत, बुळबुळीत लागते," असं म्हणायची. त्याने घरातलं गजराचं घड्याळ खोललं, शेजाऱ्यांचा पंखा खोलला, एकदा तर गाडीचं चाकच उतरवून बसला, तेव्हाही तिने हात उगारला नाही. कमरेवर हात ठेवून ती एवढंच म्हणायची, "खोललंस ना? आता जोड." त्याने आयुष्यभर जी भाकरी कमावून खाल्ली ती या एका वाक्याची, असं खटपट्याचं मत होतं. हे त्याने ताईला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला गेला असता तर तिने हाकलून लावलं असतं.

आणि ही ताई मोरीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, उतरलं, पण हाड जरा वाकडंच जुळलं. तिचा जुना कोयता लोहाराने घडवलेला, चांगला वजनदार. तो आता तिला खांद्यापर्यंतसुद्धा उचलवेना. गाडीची जागा शेजारच्या चप्पल शिवणाऱ्याने आपला स्टूल टाकून धरून ठेवली होती, पण असा स्टूल किती दिवस जागा धरणार?

ताईची मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. गुणी पोर. आई एकटी पडते आणि कुणाला कळत नाही, याचा तिने धसका घेतला होता. ती म्हणाली, आता बास झालं, माझ्याकडे चल. ताईने पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी शब्द देऊन बसली: "तू सुट्टी काढून येशील तोपर्यंत माझ्या हाताने शहाळं कापता आलं तर मी इथेच. नाही आलं तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येईन."

कापायला माणूस ठेव, असं खटपट्याने सुचवून पाहिलं होतं. "माणूस कापणार, मग मी काय करू? माशा मारू?" ताई म्हणाली होती.

ताई तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमध्ये बसली आहे, मुलगी ऑफिसला गेली आहे आणि ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आहे, हे चित्र खटपट्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचीही धास्ती होती. ताई नसलेल्या गावात आपण राहायचं म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्यावर साठीपर्यंत कधी आलाच नव्हता.

म्हणून कोयते.

दुकानातला स्वस्तातला कोयता म्हणजे कोयत्याचं नुसतं चित्र असतं. पत्र्यातून छापून काढलेलं लांबलचक पातं, त्यावर काळा रंग, धारेच्या नावाने शंख आणि प्लास्टिकची मूठ. त्या मुठीच्या मधोमध साच्याची शिवण असते, ती थोड्या वेळात तळहाताला फोड आणते. पण पोलाद वाईट नसतं. कापून, घासून, नवी मूठ चढवून त्यातून चांगलं हत्यार निघतं, हे खटपट्याला माहीत होतं. डेपोच्या मागचं रान साफ करायला त्याने असे दोन-चार बनवले होते.

पहिल्या कोयत्याचं त्याने हौसेने वाटोळं केलं. ताईला हलकं हवं, या एकाच विचाराने त्याने पातं टोकाकडून भरपूर छाटलं. झालं हलकं. इतकं हलकं की शहाळ्यावर मारलं की टुणकन उडून परत येई. कोयत्याचं वजन टोकाकडे असतं तेव्हा तो आपल्या भाराने खाली येतो आणि मनगटाला नुसती वाट दाखवावी लागते. वजनच छाटलं तर सगळा जोर मनगटाने लावायचा. म्हणजे मोडक्या मनगटावर त्याने आणखी ओझंच टाकलं होतं.

दुसरा कोयता ग्राइंडरवर असताना भाचीचा फोन आला. पलीकडच्या रविवारचं तिकीट काढलंय, ती म्हणाली. खटपट्या एका हाताने फोन आणि एका हाताने पातं धरून उभा राहिला, आणि पातं बादलीत बुडवायचं विसरला. फोन ठेवून बघतो तर धारेवर निळी झाक. निळी झाक म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. आता ही धार भोपळ्यावरसुद्धा टिकली नसती.

"उभा जन्म फिटर!" तो स्वतःवरच खेकसला. बायको चहा ठेवून गुपचूप आत गेली.

तिसऱ्याला मात्र त्याने शहाण्यासारखं काम केलं. पातं बेताचं छाटलं. वाया गेलेल्या दुसऱ्या कोयत्यातून एक पट्टी कापली आणि तिसऱ्याच्या पाठीवर, टोकाजवळ, रिव्हेट मारून बसवली. लांबी कमी झाली आणि वजन जिथे हवं तिथे राहिलं. शहाळ्याच्या कोयत्याला लावतात तशी एकाच अंगाने धार लावली: एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला फुगीर पोट. पोट असलं की ओल्या सालीत पातं रुतून बसत नाही. माळ्यावर मोडका पलंग होता, त्याचा एक पाय मुठीसाठी कापला.

राहिलं मुठीचं माप. त्याची एक रीत होती. डेपोत तो कुणालाही स्क्रू-ड्रायव्हरची मूठ करून द्यायचा तेव्हा काठीवर मऊ मातीचा थर देऊन त्या माणसाला ती आवळायला लावायचा आणि ठसा सुकला की त्याबरहुकूम लाकूड तासायचा. घरी माती कुठली? त्याने बायकोने मळून ठेवलेली कणीक उचलली.

"आता जेवायला ती मूठच वाढते तुम्हाला," बायको म्हणाली.

ताईने उजव्या हाताने कणीक आवळली. ठसा जरा उथळ उठला, पण बोटं स्पष्ट होती. त्याने ती उन्हात वाळवली, मूठ तासली, घासली, तेल पाजलं आणि कोयता घेऊन ताईच्या दारात जाऊन उभा राहिला. पहिल्या पगाराच्या दिवशी उभा राहिला होता अगदी तसा.

ताईने कोयता उलटसुलट करून पाहिला. पाठीवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे पाणावले आणि तिने ते लगेच पदराने पुसून टाकले. अंगणात एक शहाळं ठेवून तिने घाव घातला, दुसरा घातला, पाचव्या-सहाव्याला टोपण निघालं.

"छान झालाय," ती म्हणाली. "फार छान झालाय रे."

पण तिचे ओठ आवळलेले होते, आणि कोयता खाली ठेवताना तिने तो दोन्ही हातांनी ठेवला. खटपट्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सहज म्हणून तिकडे जाऊन आली, तेव्हा ताईच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं आणि ती ते पदराखाली लपवत होती.

त्या दिवशी खटपट्याने ग्राइंडरला हात लावला नाही. गॅलरीत स्टूलवर बसून राहिला. माळ्यावरून पलंगाचा दुसरा पाय काढून ठेवला होता, त्याच्याकडे बघत बसला. भाची यायला आता थोडेच दिवस होते. आपल्याला आयुष्यात एकदाच ताईसाठी काही करायची वेळ आली आणि आपल्या हातून तेवढंही होऊ नये, हा विचार त्याला सोडेना. मग त्याला ते जुनं वाक्य आठवलं. खोललंस ना? आता जोड.

तो उठला आणि त्याने पुन्हा कणीक मागितली. बायकोने या वेळी न मागता जास्तीची दिली.

काठीवर थर देऊन तो ताईकडे गेला. "हे बघ, माझ्यासमोर नको. मी उभा असलो की तू जोर लावतेस. ओल्या फडक्यात ठेव, आणि घरात एकटी असशील तेव्हा विचारबिचार न करता कोयत्यासारखी धर आणि घट्ट आवळ. बस."

दुसऱ्या सकाळी तो ती मूठ घेऊन आला. ठसा पाहून चकितच झाला. खोल, ठसठशीत, बोटाबोटाची पेरं उमटलेली. मोडक्या हाताची ही पकड? त्याने ती आपल्या उजव्या हातात धरून पाहिली, तर बसेना. उलटी करून धरली, तरी बसेना. अंगठ्याची खूण भलत्याच बाजूला येत होती.

"बिघडली वाटतं नेताना," तो म्हणाला.

"बघू," म्हणून बायकोने हात पुढे केला. ती पोळ्या करत होती आणि उजवा हात पिठाने भरलेला होता, म्हणून तिने डावा पुढे केला. कणकेची मूठ तिच्या डाव्या हातात अलगद जाऊन बसली. अंगठा अंगठ्यात आणि बोटं बोटांत.

दोघंही तिच्या हाताकडे बघत राहिले. तव्यावरची पोळी करपली.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "काल त्यांनी मला चहा ओतून दिला तो डाव्या हाताने. कुलूपही डाव्यानेच लावतात हल्ली. मी पाहिलं आणि मला काही वाटलंच नाही."

खटपट्या चपला सरकवून तसाच निघाला.

ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. डाव्या हाताने. त्याने कणकेची मूठ तिच्यापुढे धरली.

"ताई, हा कुठला हात?"

ताईने मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी हसली. "तू म्हणालास ना, विचार करू नको. मग हाच पुढे आला. प्लास्टर होतं तेव्हा सगळं यानेच केलं बाबा. आता उजव्याला कुणी विचारतच नाही."

"मग कोयता का नाही धरलास याने?"

"धरला नाही कसा? तू गेल्यावर परसात धरून पाहिला की! जोर येतो, पण पातं सालीवरून सरकतं आणि बाहेर जातं. एकदा तर पाटावर घाव बसला. म्हटलं, या हाताला कामाची अक्कल नाही." ती जरा थांबली. "आणि तू माझ्या उजव्या हाताचं माप घेऊन, इतकी माया लावून ते केलेलं. तुझ्यापुढे दुसऱ्या हातात धरायचं म्हणजे तुझी मेहनत पाण्यात टाकल्यासारखं झालं असतं. तुला काय वाटलं असतं?"

खटपट्याने डोक्याला हात लावला आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

"अगं ताई! अक्कल हाताला नाही असं नव्हे, धार लावणाऱ्याला नाही! उजव्या हातासाठी मी धारेचं पोट बाहेरच्या अंगाला ठेवलंय. तोच कोयता डाव्या हातात घेतला की पोट शहाळ्याकडे येतं. मग तो सरकणारच. माझा बाप आला असता तरी त्याच्या हातून सरकला असता!"

"तुझा बाप तो माझाही बाप. सांभाळून बोल," ताई म्हणाली, आणि मग तीही हसू लागली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात खटपट्याच्या लक्षात आलं की ती कधीची घाबरलेली होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

मग त्याने गॅलरीत ठाणच मांडलं. ग्राइंडरला हात लावायची छाती होईना, पुन्हा निळं झालं तर? सगळं कानशीने केलं. जिथे पोट होतं तिथे सपाट केलं आणि जिथे सपाट होतं तिथे पोट आणलं. पातं बोटभर अरुंद झालं, ते चालण्यासारखं होतं. बायकोने दोरीवरचे कपडे स्वतःहून काढून घेतले आणि पातं हलू नये म्हणून दुसरं टोक दाबून धरून उभी राहिली. पलंगाच्या दुसऱ्या पायाची मूठ झाली. पलंगाला चार पाय असतात ही देवाने केवढी सोय केली आहे, असं तो म्हणाला, आणि बायको म्हणाली, उरलेल्या दोनांवर तुम्ही झोपा. शेवटी डेपोतून एक जुना टायर आणून त्याने त्याची एक चकती कापली. ती गाडीजवळच्या शहाळी कापायच्या ओंडक्यावर ठेवून तिच्यात शहाळं रोवलं की ते हलत नव्हतं. उजव्या तळहाताने पलीकडून नुसता आधार द्यायचा. तेवढं त्या वाकड्या मनगटाला जमत होतं.

रविवारी भाची रिकामी मोठी बॅग घेऊन उतरली ती थेट गाडीवर, कारण घराला कुलूप होतं. चप्पल शिवणाऱ्याने आपला स्टूल बाजूला घेतला होता. ताई ओंडक्यामागे उभी होती. खटपट्या आणि त्याची बायको कडेला उभे होते, आणि आपण सहज आलो आहोत असं दाखवायचा प्रयत्न दोघांनाही जमत नव्हता.

"आई, हात दाखव आधी," भाची म्हणाली.

"दाखवते," ताई म्हणाली.

तिने शहाळं चकतीत रोवलं, उजवा तळहात टेकवला आणि डाव्या हाताने कोयता उचलला. पहिला घाव जरा भीतभीत गेला, पण पातं सालीत शिरलं आणि साल सोलत बाहेर आलं. दुसरा घाव मोकळा पडला. कोयता आपल्या भाराने खाली येत होता आणि ताई त्याला फक्त वाट दाखवत होती. तिसऱ्या-चौथ्याला टोपण उडून थेट चप्पल शिवणाऱ्याच्या पायाशी जाऊन पडलं.

"जुनी सवय गेली नाही, चांगलं आहे!" तो ओरडला.

भाचीने शहाळं हातात घेतलं, पण ती पाणी प्यायली नाही. आईकडे बघत राहिली. "तू डावखुरी कधी झालीस?"

"मामाला विचार. त्याला मामीच्या कणकेने सांगितलं."

भाचीने कोयता हातात घेऊन पाहिला. पट्टीचे रिव्हेट पाहिले, मूठ पाहिली, स्वतःच्या डाव्या हातात ती धरून पाहिली. मग तिने खटपट्याच्या दंडाला धरलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"मामा, याला धार किती दिवसांनी लावावी लागते?" तिने शेवटी विचारलं.

अशा पोट असलेल्या धारेला महिना महिना बघावं लागत नाही. खटपट्या तिच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "रोज."

"रोज?"

"रोज सकाळी. आणि ती मीच लावायला हवी. दुसऱ्याला जमणार नाही."

ताईने मान वर करून भावाकडे पाहिलं. भाचीने नाक ओढलं आणि बॅग गाडीखाली सरकवून दिली. "म्हणजे रोज कुणीतरी बघून जाणार तर. मग चालेल," ती म्हणाली आणि शहाळं तोंडाला लावलं.

भाची चार दिवस राहून परत गेली. जाताना बॅग भरून शहाळी घेऊन गेली. दुसऱ्या सकाळीही खटपट्या दगड घेऊन गाडीवर हजर झाला. कोयता हातावरचे केस काढेल इतका धारदार होता. तरी त्याने पाणी शिंपडून पातं दगडावरून दोन-चार वेळा नुसतं फिरवलं, फुंकर मारली आणि गंभीर चेहऱ्याने परत दिलं.

"ताई," तो म्हणाला, "मला सांगायचं होतं, तू लहानपणी मला..."

"पी गुपचूप," ताई म्हणाली आणि शहाळं त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने पाणी संपवल्यावर तिने शहाळं परत घेतलं, चकतीत ठेवून डाव्या हाताच्या एका घावात उभं दुभंगलं आणि सालीच्या कपच्याने मलई काढली. चांगली जाड होती. सवयीने तिने ती सगळी त्याच्याकडे सरकवली. मग थांबली आणि अर्धी परत ओढून घेतली.

"तुझी धार रोज लावावी लागते ना," ती म्हणाली, "तशीच मला मलई आवडत नाही."

आणि तिने ती तोंडात टाकली.